सोपानरावांचा कासरा

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळत आलो. अजूनही टाळलं असतं, पण गेल्या आठवड्यात नातीने मोबाईलवर एक रील दाखवलं आणि माझं डोकं फिरलं. कोणी एक टोपीवाला मुलगा ताम्हिणीच्या पुढच्या उतारावर उभा राहून सांगतोय, की याच वळणावर एक कॅरॅव्हॅन उलटली, कारण ड्रायव्हरला रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई दिसली. खाली कमेंट्सचा पाऊस. एकाने लिहिलंय, ‘बाई वगैरे काही नाही, ड्रायव्हर टाइट होता, आम्हाला पक्कं माहीत आहे.’

तुम्हाला काहीही माहीत नाही. त्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी मी बसलो होतो. बाई नव्हती, दारूही नव्हती. सोपानने आयुष्यात तंबाखूच्या पलीकडे कशाला हात लावला नव्हता.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये नोकरी केली. भुतंखेतं, करणी, असलं काही मी कधी मानलं नाही. मशीन बिघडलं की कारण असतं आणि कारण शोधलं की सापडतं, एवढंच मला ठाऊक. म्हणूनच पुढे जे सांगणार आहे त्याचा मला स्वतःलाच राग येतो.

माझा पुतण्या मिलिंद हिंजवडीत आयटीत आहे. त्याने माले गावात थोडी जमीन घेतली आणि पर्यटकांसाठी कॅरॅव्हॅन करायचं ठरवलं. म्हणजे जीपच्या मागे ओढत न्यायची खोली... आत दोन बाकं, गॅस, पाण्याचे कॅन, जनरेटर. भरे गावातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ती बनवून घेतली. देखरेख माझी. ओढायला मिलिंदची फोर बाय फोर, आणि चालवायला भरे गावचाच सोपान. कंपन्यांचे टेम्पो चालवून केस पांढरे झालेला माणूस. त्याआधी बापाची बैलगाडी हाकलेली.

पहिली खेप कोकणात समुद्राकाठी न्यायची होती. निघायच्या सकाळी सोपानने सगळं जड सामान पुढच्या भिंतीला लावलं आणि मग जीपला जोडायच्या पुढच्या दांडीवर दोन्ही पाय देऊन उभा राहिला. ही त्याची सवय. दांडीवर उभं राहून तो वजनाचा अंदाज घ्यायचा. पण पुढे लावलेल्या सामानाने जीपचं ढुंगण बसलं होतं आणि तोंड वर झालं होतं. मिलिंदला फोटो काढायचे होते. तो म्हणाला, काका, हे असं वाकडं दिसतंय. मी लगेच हुकूम सोडला, जनरेटर आणि पाणी आतल्या मागच्या रॅकवर न्या.

सोपान म्हणाला, “साहेब, उलाळ हुईल. म्होरं दाब न्हाई राह्यला तर शेपूट झुलतंय.”

उलाळ म्हणजे बैलगाडीत मागे जास्त भरलं की जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, ते. मी चारचौघांत म्हणालो, “सोपान, ही बैलगाडी नाही. फोर बाय फोर आहे. तू बैल नाहीस आणि मी पण नाही.”

सगळे हसले. सोपानही हसला आणि त्याने जनरेटर मागे नेऊन चार बोल्ट आवळले.

आता इथे कोणीतरी शहाणा लिहीलच, की फोर बाय फोरला काय, ती डोंगर ओढेल. लिहू नका. ओढायचा प्रश्नच नसतो. एक्सलच्या मागे वजन गेलं की हुकावरचा दाब जातो, आणि उताराला लागलं की मागची गाडी डावी-उजवी झुलायला लागते. मग पुढची कितीही दांडगी असो, मागची तिला ओढते. हे माझ्यासारख्या मेंटेनन्सवाल्याला कळायला हवं होतं. कळलं होतं ते सोपानला.

जीपमध्ये मी आणि सोपान, दोघंच. ताम्हिणी सोडून उतार लागला आणि कॅरॅव्हॅन झुलली. आधी हलकेच, मग प्रत्येक झोक्याला जास्त. सोपानने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि ब्रेकला पाय लावला नाही. तो करत होता तेच बरोबर होतं. गाडी आपोआप सावकाश होत होती. मी ओरडलो, ब्रेक मार. तो म्हणाला, “न्हाई साहेब, जरा दम धरा.”

मी दम धरला नाही. हात घालून हँडब्रेक ओढला.

जीपची मागची चाकं जाम झाली, कॅरॅव्हॅन आडवी फिरली आणि उलटली. तिने जीपला ओढून सोपानच्या बाजूने दरडीवर आपटलं. त्याचा उजवा पाय मांडीपासून गेला म्हणा... जागेवर होता, पण कामाचा राहिला नाही. मला खरचटलंसुद्धा नाही.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, वेगात होता.

दोनच शब्द. मिलिंदलाही तेच सांगितलं. सोपानला दवाखान्यात हे कळलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, साहेब शेजारी बसले हुते, त्यांनी बघितलं आसंल. माझा हात हँडब्रेकवर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. कधी कुणाला बोलला नाही. नंतर पाय थोडा वळायला लागला तरी कुणी त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं नाही. गावात त्याचं नाव पडलं ‘उलटा सोपान’.

दोन वर्षांनी कॅरॅव्हॅन दुरुस्त होऊन पुन्हा निघाली. दिवाळीनंतरची कोरडी हवा, सकाळचे साडेनऊ. मिलिंद स्वतः चालवणार होता, शेजारी मी, मागच्या सीटवर त्याची बायको. त्याने आदल्या दिवशीच जनरेटर आणि कॅन जुन्याच जागी, मागच्या रॅकवर बसवले होते. मी पाहिलं. आणि मी गप्प बसलो! कारण ‘पुढे घे’ म्हटलं असतं, तर त्याने विचारलं असतं, मग मागच्या वेळी? माझी अब्रू वाचावी म्हणून मी त्या दोघांना तसंच उतारावर नेलं. हे वाचून तुम्हाला माझी चीड आली असेल तर योग्यच आहे.

तीच जागा. तोच झोका. मिलिंदचा चेहरा पांढरा पडला आणि माझा हात आपणहून हँडब्रेकवर गेला.

पण हँडब्रेक उचलला गेला नाही. माझ्या हातावर कोणाचा तरी हात होता. उबदार, खरखरीत, बोटांच्या पेरांना घट्टे. दाबून धरलेला. मला तंबाखू-चुन्याचा वास आला. आणि त्याच क्षणी जीपचं मागचं अंग खाली बसलं, बॉनेट वर झालं... अगदी कोणी दांडीवर दोन्ही पाय देऊन उभं राहावं तसं. मी कसाबसा म्हणालो, मिलिंद, ब्रेक नको, पाय काढ, सरळ धर. तीन-चार झोके कमी कमी होत गेले आणि गाडी शांत झाली.

पुढे सपाटीला थांबलो. दांडीवर कोणी नव्हतं. कॅरॅव्हॅनचं कुलूप जसंच्या तसं, किल्ली मिलिंदच्या खिशात. दार उघडलं तर जनरेटर आणि पाण्याचे सगळे कॅन पुढच्या भिंतीला लागलेले. चारही बोल्ट बाकावर ओळीने ठेवलेले. आणि सगळ्याला मिळून एक जुना कासरा आवळलेला. बैलाला बांधतात तो दोर. आमच्याकडे बैल कुठला?

उतारावर सामान पुढे घसरलं, असं म्हणाल. घसरलेलं सामान बोल्ट काढून ओळीने ठेवतं का? गाठ मारतं का?

मिलिंदने मला मिठी मारली. म्हणाला, काका, तुम्ही पहाटे उठून हे केलंत आणि बोललाही नाहीत. मी तेव्हाही गप्प बसलो. आधी त्या माणसावर माझा दोष टाकला, आता त्याचं श्रेयही घेतलं.

दोन दिवसांनी परतल्यावर कासरा पिशवीत घालून मी भऱ्याला गेलो. सोपान अंगणात खाटेवर बसला होता. त्याच्या बायकोने, सुमनबाईंनी, पाणी दिलं आणि त्यांची तक्रार सुरू झाली. “साहेब, ह्यांना सांगा काई तरी. परवा धाच्या सुमाराला काठी टाकून उठले आन त्या मोडक्या बैलगाडीच्या दांडीवर दोनी पायांनी हुबे राह्यले. म्हनले, कुनी बोलू नगा. घामानं भिजले. पडले आसते म्हंजी?” मग त्या पुढे म्हणाल्या, “आन गाडीवरचा कासरा बी त्याच सकाळपास्नं गावंना.”

सोपान तळहात चोळत होता. दोन्ही तळहातांवर दोराचे लाल वळ होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “म्होरं दाब हाय न्हवं आता, साहेब?”

मी म्हणालो, “आहे.”

माफी ओठांवर होती. मी भाताचं पीक कसं आहे ते विचारलं, चहा प्यालो आणि निघालो. कासरा पिशवीतच राहिला, तोही परत केला नाही. पुढच्या पावसाळ्यात सोपान गेला. तेराव्याला मी मागे बसलो होतो. पुढचा एकजण शेजाऱ्याला सांगत होता, बिचारा उलटा सोपान, वेगात हाकायची खोड नडली. मी ऐकलं आणि ताटातला भात संपवला.

जनरेटर कोणी हलवला, माझा हात कोणी धरला, मला आजही सांगता येत नाही. कारण शोधलं, सापडलं नाही. पण पहिल्या अपघाताचं कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि त्या रीलवाल्याने ते ऐकावं. कासरा माझ्यासमोर टेबलावर आहे. जे त्या अंगणात बोलायचं होतं, ते इथे लिहितो.

सोपानराव, तुम्ही वेगात नव्हता. वजन मागे न्यायला मी लावलं, हँडब्रेक मी ओढला, आणि नाव तुमचं सांगितलं. तुम्ही सगळं पाहूनही माझा हात धरलात. मला माफ करा.