तेकिनाने मागितलेल्या गोळ्या

दूरच्या बेटांवरून पोटासाठी आमच्या बेसो गावात येणाऱ्यांकडून क्षयाचं औषध पुरं करून घेणं, हे दवाखान्यातल्या तेकिनाचं काम. शाळेत तिला मी शिकवलं. हट्ट मात्र तिचा स्वतःचा.

ओनोतोआ बेटाहून आलेला तेबुरेआ औषधाच्या तिसऱ्या महिन्यात पुन्हा खोकायला लागला. गोळ्या गेल्या कुठे? खोकणाऱ्या चुलतभावाने त्या मागून घेतल्या होत्या. नातलगाने बुबुसी म्हणून हात पसरला की आमच्यात नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणारा जन्मभराचा निर्लज्ज ठरतो. तेबुरेआने निम्म्या गोळ्या देऊन टाकल्या.

तेकिना त्याची नात्याने आत्या. भर सभाघरात, म्हाताऱ्या पंचांसमोर ती कडाडली, "अर्ध्या औषधाने रोग मरत नाही रे, मुरतो! दोघंही जाल!"

"पण आत्या, नाही कसं म्हणू?"

"नकोच म्हणूस. आता मी बुबुसी करते. उरलेल्या गोळ्या सगळ्या माझ्या. रोज सकाळी यायचं, मी देईन त्या माझ्यासमोर गिळायच्या. आणि त्या भावाला उद्या दवाखान्यात आण. थुंकी तपासू. रोग निघाला तर त्याला त्याच्या वेगळ्या मिळतील."

एक पंच खेकसला, "आणि तुझ्याकडे कुणी मागितल्या तर गं?"

"तर तोंडावर नाही म्हणेन! म्हणा मला निर्लज्ज. खुशाल म्हणा, औषध पुरं होईस्तोवर म्हणा!"

तेबुरेआने गोळ्यांची पिशवी मुकाट्याने तिच्यापुढे सरकवली. आत्याला नाही म्हणायची सोय त्याला तरी कुठे होती?