पाचवा पुंजका

उत्तरा शेळकेला एका जागी बसवत नसे. हवालदार गुलाबरावांची ही मुलगी, छावण्या बदलतच वाढली. आता वडील निवृत्त, घर नोएडात, आणि ती दिल्लीतल्या एका संस्थेत नवजात ताऱ्यांवर संशोधन करत होती.

तारा घडत असताना दोन्ही अंगांनी वायूचे फवारे सोडतो. भोवतीच्या धुळीतून साधा प्रकाश निसटत नाही, अवरक्त निसटतो. अशा एका फवाऱ्याची दहा वर्षांच्या अंतरानं घेतलेली दोन अवरक्त छायाचित्रं तिच्याकडे होती. मागचे दूरचे तारे एकमेकांवर नेमके बसवायचे आणि फवाऱ्यातले चमकते पुंजके किती सरकले ते मोजायचं. चार पुंजके एका रेषेत पळत होते. पाचवा तिरका निघाला होता. म्हणजे धुळीत दुसरा तारा दडलाय, असं तिच्या मार्गदर्शकांनी, मानस सरांनी ठरवलं. परवा परिषदेत उत्तरा तेच सांगणार होती.

पण त्या दिवशी सकाळी जेवताना तिला घास गोड लागेना. "अगं, पोळी गार झाली," आई विठाबाई म्हणाल्या, तरी ती उठून येरझारा घालू लागली. पाचवा पुंजका तिरका का जावा?

त्या संध्याकाळी मेट्रोनं घरी येताना तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. धुळीमुळे जुळवणीला तारे सहाच मिळाले होते. त्यातला एखादा दूरचा नसून आपल्या जवळचा असला, तर तो स्वतःच सरकणार! यमुना बँक स्थानकात ती उतरली आणि उलट्या गाडीनं संस्थेत परतली.

ताऱ्यांच्या अंतरांच्या यादीत तो जवळचा तारा सापडलाच, अगदी कडेचा, पाचव्या पुंजक्याशेजारचा. त्याला वगळून तिनं पुन्हा जुळवणी केली. पाचवा मुकाट्यानं रेषेत आला.

मानस सर निघायच्या तयारीत होते. "परवा टॉक आहे यार, उत्तरा! सारांश छापून आलाय."

"सर, दुसरा तारा नाहीये. मी तो नाही दाखवणार."

सर चिडून खुर्चीत बसले. बाकीचे तारे त्यांनी एकेक करून वगळून पाहिले. उत्तर बदललं नाही. "हे मीच तपासायला हवं होतं," ते हळूच म्हणाले.

परिषदेत तिनं आधी चूक सांगितली. निम्मं सभागृह मोबाइलमध्ये गेलं. "मग उरलं काय?" कुणीतरी विचारलं. "फवाऱ्याचा वेग," ती म्हणाली. आठ महिन्यांनी शोधनिबंध छापून आला, दुसऱ्या ताऱ्याविना.

गुलाबरावांनी आकडा वाचला. "शंभर किलोमीटर? एवढी तर आपली बसही पळते."

"सेकंदाला, बाबा."

त्यांनी चष्मा काढला. "आणि हे तू दोन फोटोंवरून पकडलंस?"

उत्तरा मान हलवत चपला शोधत होती. तिसऱ्या छायाचित्रासाठी दुर्बिणीचा वेळ मागायची आज शेवटची तारीख होती.