मैदानाचे पाणी

खेळाच्या मैदानावर सगळी माणसे समान असतात. साठच्या दशकात अबुधाबीच्या किनाऱ्यावर मी तेल कंपनीत कारकून होतो, तेव्हा आमच्या अमेरिकन साहेबाने हे वाक्य बेसबॉलच्या आमंत्रणपत्रिकेवर छापून घेतले होते. तिथले इंजिनिअर आपापल्या जुन्या कॉलेजांच्या नावाने संघ करून दरवर्षी अजिंक्यपद खेळत. अंतिम सामन्याच्या सकाळी धूळ बसावी म्हणून मैदानावर गोडे पाणी मारायचा हुकूम निघाला. मजुरांच्या कॅम्पातली पिंपे आदल्या दिवसापासून कोरडी होती.

हुकूम मी टँकरवाल्याला वाचून दाखवला. माणूस रत्नागिरीकडचा; नाव मी कधी विचारले नाही. बोलण्याआधी खांद्यावरच्या रुमालाने स्टिअरिंग पुसायची त्याला सवय होती. त्या दिवशी तो बराच वेळ पुसत राहिला.

"वाळूला आज पाणी, नि माणसांना उद्या," तो म्हणाला. "मग भाऊ, बॅटपण वाळूच्याच हातात द्या."

"हुकूम आहे," मी म्हणालो. त्या दोन शब्दांची मला अजून चीड येते.

त्याने टँकर कॅम्पात रिकामा केला, समुद्रावर भरला आणि मैदानावर मारला. उन्हे चढल्यावर मैदानभर मीठ फुलले. त्या पांढऱ्यात मैदान आखलेल्या चुन्याच्या रेषा कुणालाच दिसेनात; सामना रद्द झाला. अजिंक्यपद त्या वर्षी दोन्ही कॉलेजांना समान वाटण्यात आले.