गाण्याखालचा आवाज

आता जे सांगणार आहे ते माझ्या पत्नीलाही ठाऊक नव्हतं. माझा एक दोष मी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर राहू दिला — आणि तो माणूस माझ्याशी सतत आदरानंच वागत आला. कुठून सुरुवात करावी, हेच नीट उमगत नाही. तुम्ही समोर बसला आहात असं समजून बोलतो. अडखळलो तर अडखळू द्या.

हुबळीत, विद्यानगरात, आमच्या शिक्षणसंस्थेचं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. मी तिथल्या महाविद्यालयात वाणिज्य शिकवत होतो. केंद्र बुडायला आलं तेव्हा संस्थेनं ते माझ्या गळ्यात घातलं — जमलं तर चालवा, नाही तर वर्षअखेर परवाना परत करू. अवस्था काय वर्णावी? आम्ही दिवसभर कन्नडमध्ये, दुपारी तासभर मराठीत बोलत असू आणि ऐकणारं कुणी असेल असं वाटतच नसे. यंत्रावर बसणारा बसवराज म्हणायचा, “सर, आपलं केंद्र म्हणजे माळावरचं देऊळ बघा. कोण येवो न येवो, दिवा लावायचा आणि घंटा आपणच वाजवायची.”

आज तेच केंद्र जुन्या हुबळीपासून रायापूरपर्यंत घरोघरी ऐकलं जातं. बाहेरगावची माणसं मला बोलावतात, बंद पडणारं केंद्र कसं उभं केलंत ते सांगा म्हणतात. मी उभा राहतो, श्रोत्यांच्या विश्वासाविषयी बोलतो, आणि त्या शब्दापाशी माझी जीभ दर वेळी अडते. लोकांना वाटतं, सर भावनाप्रधान आहेत.

दुपारचा मराठी तास वत्सलाअक्का घेत. निवृत्त शिक्षिका, जुन्या हुबळीत राहत. त्यांच्या यजमानांची स्मृती गेली होती. माणूस ओळखू येत नसे, दिवसरात्र कळत नसे, आणि अक्कांच्या हातचा घास सोडला तर तोंड उघडत नसे. शेजारणीला तासभर बसवून अक्का केंद्रावर येत. एकदा मी म्हटलं, “अक्का, त्रास होत असेल तर राहू द्या.” तर म्हणाल्या, “श्रीपाद, हा तासच तर माझा आहे की रे. तेवढा तरी ठेव.”

गाणं लागलं की अक्का हेडफोन काढून ठेवत. अंबाड्याला रुततो अशी त्यांची तक्रार असे. मग सोबतची निवेदिकाही आपला काढी, आणि अक्का तिच्याशी हलक्या आवाजात घरचं बोलत. आमच्या कामातला हा रिवाजच आहे — गाणं सुरू झालं की यंत्रावरचा माणूस माईकची कळ खाली ओढतो, आणि आतली माणसं गाण्याच्या आडोशाला मोकळी होतात. त्या आडोशावर सगळ्यांचा भरवसा असतो. लाल दिवा आमच्याकडे दाराबाहेर होता. आत बसलेल्याला माईक उघडा आहे की बंद, हे दिसत नसे.

त्या दुपारी इन्व्हर्टर शिट्टी मारू लागला. बसवराजनं माईक खाली केला, मला म्हणाला, “जरा इथं बसा सर, बघून येतो,” आणि बाहेर गेला. मी त्याच्या खुर्चीत बसलो.

यानंतरचं मी स्वतःला अनेक प्रकारे सांगून पाहिलं आहे. पहिला प्रकार असा, की माईक चुकून वर गेला. हे खरं असू शकेल. गाणं संपत आलं असं वाटून मी कळ वर केली, आणि गाण्याचं अजून एक कडवं बाकी होतं. त्या यंत्रावर माझा हात बसलेला नव्हता. पण मग अक्कांचा आवाज कानात आला, आणि मला कळलं. कळल्यावर काय?

दुसरा प्रकार असा, की मी गोठलो. अक्का निवेदिकेला यजमानांविषयी सांगत होत्या, “आज सकाळी त्यांनी अन्न अंगावर थुंकलं, आणि मी त्यांना मारलं. गालावर मारलं ग. ते माझ्याकडे लहान मुलासारखे बघत राहिले.” आणि मग त्या रडू लागल्या. असं काही ऐकल्यावर माणूस गोठतो, नाही का? मीही बरेच दिवस तसंच मानलं.

पण गोठलेला हात हलत नाही. माझा हलला.

मी गाण्याचा आवाज खाली आणला. अक्कांचा आवाज स्पष्ट यावा म्हणून — दुसरं कुठलं कारण असणार? एका हाताखाली माईक होता, दुसऱ्या हाताखाली गाणं. मी माईक बंद करू शकत होतो. मी गाणं हळू केलं. त्या क्षणी मनात काय होतं? दया होती का? असावी. पण दयेच्या शेजारीच कुणीतरी सावध होऊन बसलं होतं आणि म्हणत होतं — हे लोक ऐकतील. दोघांपैकी माझा हात कुणाचा होता, हे मला आजही सांगता येत नाही.

बसवराज परत आला तेव्हा माईक उघडाच होता. मी उठून उभा राहिलो होतो. माझ्या तोंडून निघालं, “बसू, अरे, माईक खाली करून गेला नव्हतास?” त्यानं झडप घालून कळ खाली ओढली. पांढराफटक पडला. म्हणाला, “केलेला होता, सर...” थोडं थांबून म्हणाला, “बहुतेक केला होता.” त्या ‘बहुतेक’पाशी मी त्याला सावरू शकत होतो. सावरलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याचं ‘बहुतेक’ गेलं आणि ‘माझ्याकडूनच राहिलं’ आलं. एका सरळ माणसाला मी त्याच्याच हाताविषयी खोटं पटवलं होतं, आणि तेही फक्त एक प्रश्न विचारून.

फोन त्या दुपारीच वाजू लागला. अक्कांना दूषण देणारे थोडे, रडणारे पुष्कळ. रायापूरहून एक बाई म्हणाली, “त्या बाईंना सांगा, मीपण मारते सासूला. नंतर पाय धरते.” यातूनच, घरात बोलता येत नाही ते बोलण्याचा आमचा कार्यक्रम निघाला, आणि त्यानं केंद्र तारलं. त्या कार्यक्रमानं कितीतरी माणसांना आधार दिला, हे खरं आहे. ते खरं आहे म्हणूनच माझा गोंधळ मिटत नाही. मूळ सडकं असताना झाडाला फळ कसं येतं? आणि ते आपण खावं का? मी तर खात आलो.

बातमी गदगला पोचली, आणि दोन दिवसांत अक्कांचे धाकटे दीर तिथून आले. “वहिनी, आमच्या भावाला मार खायला तुमच्यापाशी ठेवलं नव्हतं,” एवढंच बोलले आणि यजमानांना घेऊन गेले. अक्का मिळेल त्या बसनं तिकडे जात. दीर त्यांना कधी आत घेत, कधी दारातूनच परतवत. तिथं परक्या हातचा घास यजमानांनी घेतला नाही. उन्हाळा संपायच्या आत ते गेले. अक्का पुन्हा केंद्रावर आल्या नाहीत. बसवराजनं यंत्र सोडलं आणि एका मंगल कार्यालयात विजेची कामं धरली.

आमच्याकडे दसऱ्याच्या संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन थोरांच्या घरी जातात. ‘बन्नी तगोंडु बंगारदांग इरोणु’ — पान घ्या, सोन्यासारखं राहू — असं म्हणून पान हातात ठेवायचं, पाया पडायचं, आणि वर्षाची कटुता तिथंच टाकायची. मी दरवर्षी अक्कांकडे जातो. बसवराजही येतो. तो पान देतो, वाकतो आणि म्हणतो, “अक्का, तप्पायतु.” चूक झाली. माझ्या चुकीची क्षमा तो माझ्यादेखत मागतो, आणि मी पुढचं पान हातात घेऊन माझी पाळी येण्याची वाट बघतो. असे किती दसरे गेले, ते मोजायचं धैर्य नाही.

यंदा अक्का त्याला म्हणाल्या, “बसू, दरवर्षी तेच ते. रेकॉर्ड अडकली की काय रे तुझी? ऊठ, कडबू खा.” आम्ही तिघंही हसलो. मीही हसलो, हे सांगायलाच हवं. मग हसण्याच्या भरात मी त्याला म्हटलं, केंद्रावर नवं यंत्र आलंय, परत ये की. त्यानं बशी खाली ठेवली. “नको सर,” म्हणाला. “हे हात मला फसवतात. घरी गॅस बंद केला तरी तीनदा उठून बघतो. बायको हसते.” आणि तो आपल्या तळव्यांकडे बघू लागला.

अक्का त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्या हातातली पानं घामानं ओली झाली होती. ती अक्कांना द्यावीत की बसवराजला, कळेना. मी ती तशीच खाली ठेवली. उभं राहून बोलावं की बसून, हेही कळेना. शेवटी दोघांच्या पुढ्यात जमिनीवर बसलो आणि मोठ्यानं म्हणालो —

“अक्का, त्या दिवशी बसूनं माईक खाली केला होता. मी वर केला. तुम्ही बोलत होता ते मी ऐकलं, आणि लोकांना नीट ऐकू यावं म्हणून गाणं हळू केलं. बसू, तुझे हात तेव्हाही बरोबर होते. अक्का, तप्पायतु. बसू, तप्पायतु. मी केलं ते.”