विरजलेल्या सायीतली कोळंबी

मित्रांनो, आज संध्याकाळी मी घरी पहिल्यांदाच कोळंबी केली.

बायको अलिबागची. लग्न होऊन नाशिकला आल्यापासून ती नीट जेवत नाही. विचारलं की म्हणते, "भूक नाही." मला काळजी लागून राहिली होती. म्हणून मोबाईलवर बघून लसूण परतला, कोळंबी टाकली आणि फ्रिजमधली वाटीभर साय ओतली.

क्षणात सगळा रस्सा फाटला.

आई धावत आली. "अरे, त्या सायीला मी विरजण लावलं होतं! माझं लोणी कोळंबीला खाऊ घातलंस!"

मी घाईने गॅस बंद केला. बायकोने चमच्याने चाखलं आणि हसली. "आई, छान लागतंय. कोळंबीला आंबट हवंच. आमच्याकडे कोकम घालतात. इथे आल्यापासून तीच चव आठवते."

"मग इतके दिवस सांगायचं नाही का गं? मला वाटलं, माझ्या हातचं तुला आवडत नाही."

"मागायला संकोच वाटायचा."

"घरात कसला संकोच? पुढच्या वेळी तूच कर, मी बघते."

आज ती दोन भाकरी जेवली. वर भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने पॅनही पुसून घेतला.

आता सांगा, नाशिकमध्ये चांगलं कोकम कुठे मिळेल? उद्या सकाळीच आणायचं आहे.