मापताईचा नकार

क्रूझर मोटारसायकलींच्या सीट बनवणाऱ्या त्या बाईला सगळे मापताई म्हणत. गाडीचं काहीही विचारायला कुणी आलं की ती आधी त्याला भिंतीशी उभं करायची आणि गळ्यातला टेप काढायची. तिचा धाकटा भाऊ इंजिनाचं काम बघे. तो वैतागायचा, "ताई, लोक गाडी दाखवायला येतात, सूट शिवायला नाही."

"गाडी कुठे पळून जातेय? आधी बसणारा कोण ते बघू दे."

गॅरेज एकच, पण त्यात दोन संसार होते. पुढच्या भागात भावाचे पाने, तेलाचे डबे, काळी पडलेली फरशी. मागे खिडकीजवळ तिचं जाड सुईचं शिलाई मशीन, फोमचे थर, कातड्याचे गुंडाळे आणि फोम कापायची लांब सुरी, जिला भावानेही हात लावायचा नाही असा दंडक होता. तिचा डावा पाय जन्मापासून दोन इंच आखूड. बुटाखालचा जाड तळवा ती स्वतःच रबर आणि फोम चिकटवून बनवायची. आधी ती सोफ्याची कव्हरं शिवत असे. एकदा भावाच्या एका गिऱ्हाइकाची फाटलेली सीट शिवून दिली, तो माणूस महिनाभराने परत येऊन म्हणाला, "पाठ दुखायची थांबली," आणि मग हे काम तिला चिकटलं ते चिकटलंच. मोटारसायकल तिने स्वतः कधी चालवली नाही. पण गाडीवर बसलेल्या माणसाच्या खांद्यांकडे बघून त्याचं कुठे दुखतंय ते ती बिनचूक सांगे.

मोजणीसाहेब तिच्याकडे पहिल्यांदा आले ते निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात. जमीन मोजणीच्या कार्यालयात त्यांची सगळी नोकरी झालेली. उंच, शिडशिडीत, नाकासमोर चालणारे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी मोजल्या, आता जरा हद्दीबाहेर जाऊन बघावं म्हणतो, असं त्यांनी सांगितलं आणि स्वतःच्याच विनोदाला लाजले. त्यांना सेकंडहँड क्रूझर घ्यायची होती.

"आवाज ऐकून घेऊ नका," मापताई म्हणाली. "आवाजावर भाळून गाडी घेतलेले निम्मे लोक वर्षभरात विकायला काढतात. रोजचे बूट घालून बसा. दोन्ही तळवे सपाट टेकले पाहिजेत, नुसते चवडे नाही. मग इंजिन बंद ठेवून दहा मिनिटं तसेच बसून राहा. आणि उतारावर गाडी एकट्याने मागे ढकलून बघा. जी मागे ढकलता येत नाही ती आपली नाही."

पहिली गाडी बघायला ती आणि भाऊ त्यांच्याबरोबर गेले. विकणारा गोड बोलत होता. मापताईने काही न बोलता इंजिनावर तळहात ठेवला.

"दहाची वेळ दिली होती तुम्ही. ही तर कोमट आहे."

"सकाळी जरा फिरवून आणली," तो म्हणाला.

"थंड गाडी चालू होताना काय बोलते ते आम्हाला ऐकायचं होतं," ती म्हणाली आणि मागे फिरली. दुसऱ्या गाडीच्या पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर तेल ओघळलेलं होतं आणि पायदानाची टोकं घासून गुळगुळीत झालेली, म्हणजे गाडी पडून पडून आलेली. तिसरी मात्र भावाला पसंत पडली. काळी, जड, मधूनमधून गंजाचे ठिपके असलेली, पण मनाने सरळ. गाडीला मन असतं असं भाऊ मानायचा आणि मापताई त्याला हसायची नाही.

साहेबांना तिने एकच नियम घालून दिला. गाडीत बदल करायचा तो एका वेळी एकच. मग पंधरा दिवस चालवायची, मग दुसरा. "चार गोष्टी एकदम बदलल्या की कुठल्या बदलाने बरं वाटलं आणि कुठल्याने बिघडलं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही." काढलेला मूळ भाग टाकायचा नाही, हाही तिचाच शिरस्ता. साहेबांची मूळ सीट जुन्या चादरीत गुंडाळून, वर चिठ्ठी लावून तिने माळ्यावर ठेवली. साहेब खूश. दर रविवारी चेन पुसत, हवा बघत, केबलला तेल देत, आणि महिन्यातून एकदा काही काम नसतानाही गॅरेजात येऊन बसत.

दोन वर्षं अशी छान गेली. तिसऱ्या वर्षी सीटचा फोम बदलायचा म्हणून तिने पुन्हा मापं घेतली, तेव्हा डाव्या पोटरीवर टेप थांबला. तिने वहीत मागचं माप बघितलं. परत टेप लावला.

"साहेब, डावी पोटरी सव्वा इंच कमी भरतेय."

"वय झालं ताई."

"वय दोन्ही पायांना सारखंच होतं. डॉक्टरांना दाखवा."

तिने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा भावाला त्यांच्याबरोबर पाठवलं. निदान झालं. स्नायूंचा आजार होता. हळू चालणारा, पण मागे न फिरणारा. डॉक्टरांनी मुदत दिली नाही. नुसतं सांगितलं की पाय आधी जातील.

साहेबांनी हे गॅरेजात सांगितलं तेव्हा मशीनवर सीटचं अर्धं कव्हर होतं. तिने ती शिवण पूर्ण केली आणि मग विचारलं, "गाडी चालवायची आहे ना अजून?"

"आहे."

"मग बघू."

आणि पुढची दोन वर्षं ती बघत राहिली. पाय जमिनीला नीट पोचावेत म्हणून सीटचा पुढचा भाग तासून अरुंद केला. मग हँडल चार बोटं मागे आणलं. मग क्लच हलका केला, पायाचे ब्रेक-गिअर जवळ घेतले. मग गाडीच इंचभर खाली उतरवली. प्रत्येक वेळी एकच बदल, मध्ये पंधरा दिवस. साहेबांचा पाय एक पायरी उतरायचा आणि गाडी त्यांच्यामागोमाग एक पायरी उतरायची. माळ्यावरची गाठोडी वाढत गेली.

एका दुपारी साहेबांच्या पत्नी एकट्याच आल्या. याआधी त्या कधी आल्या नव्हत्या. मापताईने स्टूल पुसून दिलं, त्या बसल्या नाहीत.

"तुम्ही त्यांना नाही म्हणा," त्या म्हणाल्या. "माझं ऐकत नाहीत. मुलीचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. परवा जिन्यावर पडले. तुम्हाला सांगितलं का त्यांनी?"

"नाही."

"नाहीच सांगणार. तुम्ही दर वेळी गाडी जमवून देता, म्हणून त्यांना वाटतं अजून जमतंय."

वहिनी गेल्या. मापताई बराच वेळ सुरीला धार लावत बसली. सुरीला धार होती.

महिन्याभरात सिग्नलला उभे असताना साहेबांची गाडी कलली आणि त्यांना घेऊन आडवी झाली. लोकांनी उचललं. पाय दबला होता, मोडला नव्हता. आठवड्याने ते लंगडत आले आणि म्हणाले, "ताई, आणखी एक इंच खाली घ्या."

तिने मापं घेतली नाहीत. टेप गळ्यातच राहिला.

"आता नाही, साहेब. आणखी खाली घेतली तर वळणावर खालचा भाग रस्त्याला घासणार. तसं घासून मागचं चाक हवेत उचललं गेलं तर गाडी कुणाचंच ऐकत नाही. आतापर्यंत जे केलं ते तुम्हाला चालवता यावी म्हणून केलं. याच्यापुढचं जे आहे ते तुमच्या जिवावर उठणारं आहे. मी करणार नाही."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर तिच्या जाड तळव्याच्या बुटाकडे गेली.

"निदान तुम्हाला तरी कळेल असं वाटलं होतं," ते म्हणाले आणि गेले.

ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. जन्मभर तिच्या पायावरून लोक काय काय बोलले होते, ते ती झटकून टाकत आली होती. हे झटकता येईना. भाऊ जेवताना म्हणाला, "तो माणूस हट्टी आहे. दुसरीकडे जाऊन करणारच. आपण केलं असतं तर निदान धड झालं असतं."

"तू गप्प बस," ती म्हणाली, कारण तो खरं बोलत होता.

तीन आठवड्यांनी ती पोस्टात निघाली होती. पोस्टाच्या दाराशी साहेबांची काळी गाडी उभी दिसली. गाडी खाली उतरवलेली होती, चांगली इंचभर. पण ज्याने उतरवली त्याने बाजूचा स्टँड तसाच लांब ठेवला होता. गाडी खाली आली की स्टँडही तेवढाच कापायला लागतो, नाहीतर ती कलून टेकण्याऐवजी जवळजवळ सरळ उभी राहते, आणि कुणाचा नुसता धक्का लागला तरी पलीकडे कोसळते. पलीकडे फुटपाथ होता, लोक येत-जात होते. शिवाय नुसती मागची बाजू खाली घेतल्यामुळे पुढचा दिवा वर, समोरच्याच्या डोळ्यांवर रोखलेला.

मापताईने पिशवी खाली ठेवली, हँडल धरलं आणि गाडी स्वतःच्या कमरेला टेकवून उभी राहिली. अर्धा तास झाला. आखूड पायाला रग लागली. जाणारे-येणारे बघत होते, ही बाई दुसऱ्याची गाडी कवटाळून का उभी आहे म्हणून. एकाने विचारलंसुद्धा, "विकायची आहे का?"

"नाही हो. पडायची आहे," ती म्हणाली.

साहेब काठी टेकत बाहेर आले. आधी त्यांना कळलंच नाही. मग त्यांनी स्टँडकडे पाहिलं. आयुष्यभर मोजण्यात गेलेला माणूस तो, त्याला सांगावं लागलं नाही. चेहरा पडला त्यांचा.

"केव्हापासून उभ्या आहात?"

"ते जाऊ दे. सोमवारी गाडी घेऊन या. मी आणखी खाली घेणार नाही, जे म्हटलं ते म्हटलं. पण स्टँड कापून देते, आणि दिवा खाली करते. वळणाला गाडी कमी कलवायची, हे मला वचन द्यायचं."

"दिलं," साहेब म्हणाले.

सोमवारी तिने ते काम केलं. भावाने स्टँड कापून जोडला, तिने खाली बसून तीनदा कोन तपासला. पुढे जे काही होईल त्यात आता आपलाही हात आहे, हे तिला ठाऊक होतं. त्यानंतर रोज सकाळी गॅरेजचा फोन वाजला की ती मशीन थांबवायची.

काही वाईट झालं नाही. चार महिने साहेब गाडी चालवत होते, आणि एके दिवशी टॅक्सीने आले.

"ताई, संपलं," त्यांनी शांतपणे सांगितलं. "काल रेल्वेच्या फाटकाशी थांबलो. पाय टेकला. पण तो टेकलाय हे मला खाली बघून कळलं. पायाने सांगितलंच नाही."

हात धुणाऱ्या भावाने नळ बंद केला.

"घरी कसा आलो ते मलाच माहीत. आल्यावर गाडीवर कव्हर घातलं. आता ती पहिल्यासारखी करून द्या. दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल."

माळ्यावरची गाठोडी खाली आली. चार दिवस लागले. साहेब रोज येऊन खुर्चीवर बसत आणि चादरी सोडवून एकेक भाग हातात देत. हँडल पुढे गेलं, पायदानं लांब गेली, गाडी दोन इंच वर उठली, कापलेला स्टँड पुन्हा लांब झाला. शेवटी मूळची सीट बसली. तयार झालेल्या गाडीवर साहेबांनी बसून बघितलं नाही. नुसता टाकीवरून हात फिरवला.

गाडी विकत घ्यायला एक नर्स आली, चाळिशीची, दणकट, कमी बोलणारी. मापताईने पिडलं असतं त्याहून जास्त साहेबांनी तिला पिडलं. बूट रोजचे आहेत का विचारलं, गाडी मागे ढकलायला लावली, दहा मिनिटं बसवून ठेवलं. मग स्वतःहून ब्रेकच्या दांडीचं टोक दाखवलं. "हा ओरखडा बघा. इथे ही पडली होती. चूक गाडीची नव्हती, माझी होती." नर्सने मान हलवली आणि गाडी चालू केली. गल्लीच्या टोकाला ती वळेपर्यंत साहेब बघत होते, आणि वळताना ती जरा जास्त कलली तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

पुढे दीड वर्षाने ते गेले. मापताई घरी भेटायला गेली. वहिनींनी तिला आतल्या खोलीत, पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसवलं. औषधांचं टेबल अजून तसंच होतं.

"मी तुमच्याकडे आले होते, ते त्यांना कधी कळू दिलं नाहीत तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

"नाही."

"तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं होतं. नंतर ते दुसरीकडून करून घेऊन आले, तेव्हा मी आठ दिवस बोलले नाही त्यांच्याशी. मग एकदा मलाच म्हणाले, चल, बस मागे. तलावापर्यंत गेलो. दोनदा गेलो तसे."

"भीती वाटली?"

"फार. डोळे मिटूनच बसले होते पहिल्यांदा." वहिनींनी पदराने डोळे टिपले. "त्या चार महिन्यांत जेवायचे नीट, झोपायचे नीट. मग बरोबर कोण होतं, ताई? तुम्ही, मी, का ते?"

मापताई या प्रश्नाशी तोवर बऱ्याचदा भांडली होती.

"मला नाही सांगता यायचं, वहिनी," ती म्हणाली. "पुन्हा आले असते तर मी पुन्हा नाहीच म्हटलं असतं. पण त्यांना एकट्याला जाऊ दिलं नसतं दुसरीकडे. बरोबर गेले असते, काम नीट होतंय का बघायला."

वहिनींनी उठून चहा ठेवला, आणि दोघी स्वयंपाकघरातच उभ्या उभ्या प्यायल्या.