जनरल आमच्या जेवणाच्या टेबलावर

पाहुणा स्पेनचा असो की सांगलीचा, त्याला त्याच्याच गावाची माहिती सांगायची आमच्या ह्यांना भारी हौस. लेकीने लग्नासाठी निवडलेला मुलगा आपल्या आजीला घेऊन इथे अमेरिकेत, पार्सिपनीला आमच्याकडे पहिल्यांदाच जेवायला येणार होता, तर हे आठवडाभर फोनवर स्पेनचा इतिहास ऐकत होते. मी पुरणाच्या गडबडीत. म्हटलं ऐकू देत, निदान किचनमध्ये लुडबुड नाही.

आजी नव्वदीला टेकलेल्या, म्हातारपणी स्पेनहून आपल्या लेकीकडे येऊन राहिलेल्या. इंग्रजी जेमतेम. आमची लेक शाळेपासून स्पॅनिश शिकलेली, त्यामुळे दुभाषी तीच. आजींनी दुसरी पोळी मागून घेतली आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ह्यांनी तो जनरल काढला. यादवी युद्ध जिंकून स्पेनचा सर्वेसर्वा झालेला, मरेपर्यंत खुर्ची न सोडलेला. धरणं काय बांधली, शिस्त काय लावली, आमच्या देशालाही असाच एक हवा होता! लष्कराच्या हाती द्या, सगळे सुतासारखे सरळ येतील, हे आमच्या पंगतीत कोणीतरी म्हणतंच. उचलली जीभ लावली टाळ्याला. कोणी मनावर घेत नाही.

काय म्हणाले, असं आजींनी लेकीला विचारलं. ती लालबुंद झाली, पण तिने जसंच्या तसं सांगितलं. आजींनी चमचा खाली ठेवला. त्या हळूहळू बोलत गेल्या आणि लेक आम्हाला मराठीत सांगत गेली. आजी पाळण्यात असताना त्यांच्या वडिलांना त्या जनरलच्या माणसांनी घरातून नेलं. कुठे पुरलं ते अजून कळलेलं नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, तुम्हालाही तो माणूस चांगला वाटतो का?

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. मी चक्क हसले. "बाबांच्या मनात वाईट काही नव्हतं," मी लेकीला म्हटलं. "त्यांना फक्त शिस्त म्हणायची होती. सांग ना आजींना."

लेक माझ्याकडे बघत राहिली. तोवर मला ह्यांची लाज वाटत होती, आता माझी वाटू लागली.

"बाबांचं मी ट्रान्सलेट केलं, आई," ती म्हणाली. "हे नाही करणार. आजींना तू आवडली आहेस, ते तसंच राहू दे."